लिफ्टला कोण घाबरलं

डहाणू-तलासरीकडे माझ्या वयाची जी काही सरकारी नोकरीतली माणसं अजून चालती-बोलती आहेत, त्या सगळ्यांना लिफ्टची गोष्ट ठाऊक आहे. त्यांच्या बायकांना ठाऊक आहे, सुनांना ठाऊक आहे. निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा दरवर्षी डहाणूत भरतो. तिथे आभारप्रदर्शनाच्या आधी कुणीतरी ओरडतंच, "भाऊसाहेब, लिफ्टची होऊन जाऊ द्या!" मग मी उठतो, शर्ट नीट करतो, दोनदा नको नको म्हणतो आणि सांगतो.

ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे लिफ्ट खरी आहे, इमारत खरी आहे, मुंबईला गेलेली दोन माणसंही खरी आहेत. फक्त त्या दोघांतला जो घाबरला तो मी होतो. ज्याच्यावर सगळे गेली पन्नास वर्षं हसत आले, तो आमचा शिपाई, अजिबात घाबरला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवण्यात मी तरबेज आहे आणि या वेळी मला रंगवायची नाही.

मेळाव्यात मी सांगतो ती अशी. मी तेव्हा तलासरीच्या एका कचेरीत कारकून होतो. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका गावाला ओढ्यावर बंधारा हवा होता. त्याची फाईल मुंबईतल्या वरच्या कार्यालयात समक्ष न्यायची आणि साहेबांचा शेरा घेऊनच परतायचं, असा हुकूम निघाला. हे कार्यालय एका बावीस मजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. इमारतीचं नाव लिहीत नाही. समुद्रासमोर उभी आहे, त्या काळी कॅलेंडरांवर तिचा फोटो असायचा आणि मुंबईहून आलेला माणूस 'ती पाहिली का?' या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय सुटत नसे. तर आम्ही दोघं तिथे पोचलो. लिफ्टचं जाळीचं दार बंद झालं आणि आमच्या शिपाईबुवांनी लिफ्टमनच्या पायांना मिठी मारली. "मला सोडा, माझी पोरं लहान हायत!" लिफ्ट अजून जागची हललीसुद्धा नव्हती. मग मी त्याला खाली बाकावर बसवलं, एकटा वर गेलो, साहेबांशी इंग्रजीत बोललो आणि शेरा घेऊन आलो. येतो तर बुवा बाकाचा दांडा धरून बसलेले. "भाऊसाहेब, ही इमारतच हलतेय!"

इथे लोक हसतात. मी थांबतो. थांबायचं कुठे, हे मला पन्नास वर्षांत चांगलं कळलं आहे.

आता जे झालं ते.

तो माझ्याच वयाचा, पंचविशीतला. बंधारा हवा होता ते गाव त्याचंच. घरी भाताची आणि नाचणीची शेती, भाऊ ती बघायचे आणि हा कचेरीत शिपाई म्हणून लागलेला. फाईल शिपायाने काखेत घ्यायची आणि कारकुनाने रिकाम्या हातांनी पुढे चालायचं, ही आमच्या कचेरीची रीत. मुंबईत आम्हाला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं, तरी मी पुढे आणि तो फाईल घेऊन चार पावलं मागे, असेच आम्ही स्टेशनापासून त्या इमारतीपर्यंत गेलो. रस्ता त्याने विचारला. चाललो मात्र मी पुढे.

तळमजल्यावर संगमरवर होता. लिफ्टमन खाकी कपड्यांत, पितळी बटणं लावून, स्टुलावर बसला होता. रीतीप्रमाणे आधी मी आत गेलो. त्याने जाळी ओढली. लिफ्टच्या आणि जमिनीच्या मधल्या फटीतून गार वारा आला. मी खाली पाहिलं तर फटीत नुसता काळोख. तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. लिफ्टमनने जाळी उघडली, मी बाहेर आलो. पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. तिसऱ्या वेळी लिफ्टमन म्हणाला, "साहेब, लोक खोळंबलेत. एकदा काय ते ठरवा."

मी जिना धरला. पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. त्या जिन्याची मधली बाजू मोकळी होती. कठड्यावरून सहज खाली नजर गेली आणि मी कठडा धरून पायरीवर टेकलो. उतरलो तो बसून, एकेक पायरी घसरत, लहान मूल उतरतं तसा. तो फाईल काखेत घेऊन माझ्या बाजूने उतरत होता आणि सगळा वेळ भिंतीकडे बघत होता. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

खाली बाकावर मला बसवून, घोटभर पाणी आणून दिल्यावर तो म्हणाला, "भाऊसाहेब, मी जाऊन येऊ का?"

"तुला काय सांगता येणार? ते प्रश्न विचारतील."

"माझ्याच गावचा ओढा हाय ना."

"वर नोंदवहीत सही करावी लागते. शिपायाला साहेबांपर्यंत सोडत नाहीत."

उपाय मीच काढला. "माझं नाव लिही," मी म्हणालो. सातवीपर्यंत शिकलेला होता, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी माझं पेन काढून त्याच्या खिशाला लावलं. त्या काळी कारकून आणि शिपाई यांच्यात दिसायला फरक तेवढाच होता.

तो दीड तास वर होता. दरम्यान लिफ्टमन दर खेपेला मला बातमी द्यायचा. "तुमचा माणूस पोचला हां वर. मजेत होता." माझा माणूस खाली आला तेव्हा फाईलवर मंजुरीचा शेरा होता. वरच्या साहेबांनी त्याला विचारलं होतं, चैत्रात ओढ्याला पाणी किती असतं, दगड कुठे लागतो, माती कुठल्या बाजूने खचते. त्याने सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, फायली घेऊन पुष्कळ येतात, जागा पाहून आलेला माणूस प्रथमच आला. "तुमचं फार नाव घेत होते," तो मला म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे मला तुमच्या नावानं हाक मारत होते."

परतीच्या गाडीत त्याने मला वरचं सगळं वर्णन करून सांगितलं. फिरणाऱ्या खुर्च्या, तांबडा गालिचा, कपबशीवर सोनेरी रेघ, खिडकीतून समुद्रावर पडलेली गलबतं. मी ऐकत होतो. डहाणू जवळ आल्यावर म्हणालो, "कचेरीत काही बोलू नकोस."

"नाय बोलणार," तो म्हणाला, आणि बोलला नाही. मीही गप्प राहिलो असतो तर हा कागद आज लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग, लिफ्ट कशी वाटली?" हे साधं कौतुकाने विचारलेलं होतं. पण मला वाटलं, यांना कळलंय. तो नेमका चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला विचारता? याला विचारा! हा लिफ्टमनच्या पायांना मिठी मारून बसला." कचेरी हसली. हेडक्लार्क तर डोळे पुसत होते. सगळे हसताहेत म्हणून तोही हसला. निदान मला तसं वाटलं, आणि तसं वाटणं मला सोयीचं होतं.

त्याच दुपारी मी दौऱ्याची दैनंदिनी भरली. 'बाविसाव्या मजल्यावर समक्ष हजर राहून चर्चा केली.' 'समक्ष'खाली रेघ मारली. साहेबांनी ती मंजूर केली. सरकारी दप्तरात मी आजही वर जाऊन आलेलो आहे.

बंधारा झाला. त्या गावच्या लोकांनी मला हार घातला, नारळ दिला. मांडव त्यानेच घातला होता, चहाही त्यानेच फिरवला. गावात त्या बंधाऱ्याला आजतागायत 'भाऊसाहेबांचा बंधारा' म्हणतात.

गोष्ट मात्र वाढत गेली. मी काही वर्षं अच्छाडच्या तपासणी नाक्यावर नेमणुकीला होतो, तिथल्या ट्रकवाल्यांपर्यंत ती पोचली. नरपडच्या किनाऱ्यावर कचेरीची सहल गेली की जेवणानंतर तीच. लोक विचारायचे, "वर कसं असतं हो?" मी रंगात येऊन सांगायचो आणि कुठेतरी अडकायचो, कारण ऐकीव ते किती लक्षात राहणार? तेव्हा मागून त्याचा आवाज यायचा, "खुर्च्या फिरत्या होत्या म्हणून सांगत होते भाऊसाहेब. गालिचा तांबडा." मी म्हणायचो, "हां, तांबडा!" आणि पुढे सुरू. जो कधी वर गेलाच नाही तो, वर जाऊन आलेल्या माणसाला आठवण करून देतो आहे, हे एवढ्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. हसणाऱ्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं.

त्याचं नाव कचेरीत 'लिफ्ट' पडलं. "ए लिफ्ट, चहा आण." नवीन लागलेली पोरंसुद्धा. मग गावात, मग घरात.

आता या सगळ्यातलं वाईट ते सांगतो. त्याने नोकरीत असतानाच अभ्यास केला आणि बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली. पास झाला. शिपायांमधून कारकून घ्यायचे होते तेव्हा त्याने अर्ज केला. मुलाखतीला तीन साहेब बसले होते आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी. त्याने उत्तरं चांगली दिली. तो बाहेर गेल्यावर एक साहेब म्हणाले, "हाच ना तो लिफ्टवाला? कारकुनाला जिल्ह्याला जावं लागतं, मुंबईला जावं लागतं. हा तिथे कुणाच्या पायांना मिठी मारणार?" तिघं हसले. मी इतिवृत्तात लिहिलं: 'उमेदवारास कचेरीबाहेरील कामाचा आत्मविश्वास कमी आढळला. शिफारस नाही.' वाक्य साहेबांनी सांगितलं, अक्षर माझं. एक शब्द बोललो असतो तर तो कारकून झाला असता. मग मला माझी दैनंदिनी खोटी आहे हेही सांगावं लागलं असतं.

तो शिपाई म्हणून निवृत्त झाला. निरोप समारंभात लोकांनी आग्रह केला म्हणून मी गोष्ट सांगितली.

इतक्या वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, तो त्याच्या नातीबरोबर डहाणूला माझ्या घरी आला. नात तलासरीकडे शाळेत शिक्षिका आहे, हुशार, बोलायला सडेतोड. त्यांच्या घरचे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात, तीही म्हणते. खुर्चीत बसता बसता म्हणाली, "भाऊसाहेब, तुमची मदत हवीय. आजोबांचं हे लिफ्टचं प्रकरण आता फार झालं."

"काय झालं?"

"वापीला दवाखान्यात नेलं होतं. चौथा मजला. लिफ्टपाशी सगळे थांबलो, तर हे सरळ जिन्याने निघाले. वर पोचेपर्यंत छाती भरून आली. डॉक्टर आम्हाला ओरडले."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहा बशीत ओतत होता.

"तर मी काय केलंय," ती म्हणाली, "ती तुमची मुंबईची इमारत आता रविवारी लोकांना दाखवतात. वरपर्यंत नेतात. मी तीन जणांचं बुकिंग केलंय. जिथे भीती बसली तिथेच घालवायची. तुम्ही बरोबर असलात की आजोबा चढतील. तुमच्यावर त्यांचा फार विश्वास."

मी म्हणालो, "माझे गुडघे..."

आतून बायको आली. "लिफ्टने जायचंय, गुडघ्यांचा काय संबंध? आणि तुम्हाला कसली काळजी? तुम्ही जाऊन आलेले!"

बायकोलाही ठाऊक नव्हतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांना मी तीच गोष्ट सांगितली होती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या इमारतीसमोर उभे होतो. तिच्या चारही बाजूंना काचेच्या इमारती उठल्या होत्या, तिच्या दुप्पट, तिप्पट. त्यांच्यात ती बुटकी, बिचारी दिसत होती. मला जरा धीर आला. दाराशी जाऊन मान वर केली, तर बावीस मजले बावीसच होते.

वीसएक माणसं जमली होती. गळ्यात माईक अडकवलेला एक तरुण माहिती देत होता: ही एके काळी शहरातली सगळ्यात उंच, तिने कसा इतिहास घडवला वगैरे. जुनी जाळीची लिफ्ट दोरी बांधून शोभेला ठेवली होती. लोक तिच्यासमोर फोटो काढत होते. नव्या लिफ्टला जाळी नाही, फट दिसत नाही, सगळं गुळगुळीत पोलाद. तरी मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

नातीने माईकवाल्याला अगोदरच सांगून ठेवलं होतं. तो मोठ्याने म्हणाला, "आपल्यात आज एक काका आहेत, ते पन्नास वर्षांपूर्वी इथे लिफ्टला घाबरले होते. आज ते पुन्हा प्रयत्न करणार आहेत!" लोक प्रेमाने वळून बघायला लागले. एक बाई म्हणाली, "घाबरू नका हां काका, मिनिटात वर."

"आजोबा, माझा हात धरा," नात म्हणाली. "हवं तर डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. जो माणूस माझं नाव घेऊन बाविसाव्या मजल्यावर साहेबांना ओढ्याचं पाणी समजावून आला, तो वीस अनोळखी माणसांसमोर, नातीचा हात धरून, डोळे मिटून उभा राहिला. कशासाठी? तर मी बाजूला उभा होतो म्हणून.

"थांब," मी म्हणालो. "तो घाबरला नव्हता. मी घाबरलो होतो. तो वर गेला, मी इथे बसून होतो. गोष्ट मी उलटी सांगितली."

मग नातीचे डोळे भरून आले. "बघा," ती लोकांना म्हणाली, "आजोबांना धीर यावा म्हणून भाऊसाहेब स्वतःवर घेताहेत. असे आहेत ते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची मला सवय आहे, पण खरं बोललो आणि ते खोटं समजून टाळ्या पडल्या, असं प्रथमच झालं.

"अगं, खरंच सांगतोय!"

"हो भाऊसाहेब," ती हसून म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं.

तेव्हा त्याने डोळे उघडले. "पोरी, ते खरं बोलतायत."

"आजोबा, तुम्ही तर बोलूच नका. भाऊसाहेबांचं काही चुकलेलं तुम्हाला कधी दिसलंय का?"

"वर काय हाय ते सांगू? खुर्च्या फिरत्या. गालिचा तांबडा. खिडकीतून गलबतं..."

"ते सगळं भाऊसाहेबांच्या गोष्टीत आहे. मला पाठ आहे ते."

खरंच होतं. त्याने पाहिलेलं सगळं मी माझं म्हणून इतक्यांदा सांगून ठेवलं होतं की त्याच्याकडे पुरावा म्हणून काही उरलंच नव्हतं. तो विचारात पडला. माईकवाला घड्याळ बघायला लागला.

"एक हाय," तो म्हणाला. "भाऊसाहेबांना पण नाय सांगितलं ते. काम झाल्यावर ते साहेब मला गच्चीवर घेऊन गेले, गाव कुठल्या दिशेला ते दाखवायला. चहा तिथंच मागवला. त्यांना खुर्ची आली. मला पण देत होते, पण साहेबासमोर मी खुर्चीत कसा बसणार? मी बसलो खाली, कठड्याला टेकून, आपण कचेरीत बसतो तसा. कप ठेवायला वळलो तर कठड्याला आतून, अगदी खाली, गवंड्याचा ओळंबा कोरलेला. दोरी आणि खाली वजन. बाजूला थापी. ज्यांनी बांधली त्यांनी कोरली असणार. उभ्या माणसाला नाय दिसत. खुर्चीतल्याला पण नाय."

"असं काही नाहीये काका," माईकवाला म्हणाला. "मी कितीतरी वर्षं ही टूर करतोय."

"तू चहा उभ्यानं पीत असशील," तो म्हणाला. लोक हसले. त्याच्या बोलण्यावर लोक हसले असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"समुद्राच्या बाजूला," तो नातीला म्हणाला. "कोपऱ्यापासून चार पावलं. वाकून बघ." आणि हात सोडवून, सगळ्यांच्या आधी, लिफ्टमध्ये शिरला. दार बंद होताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी गेलो नाही. खरं सांगून झाल्यावर भीती जाते असं कुणी म्हणत असेल तर माझा अनुभव तसा नाही.

तळमजल्यावर आता बाकाऐवजी सोफा आहे. मी तिथे पाऊण तास बसलो.

खाली आले तेव्हा माईकवाला त्याच्याशी बोलण्यात गुंग होता. "काका, तुमचा एक व्हिडिओ करू या का?" नात मागून येत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. दगडात तळहाताएवढा ओळंबा होता, बाजूला थापी. कोपऱ्यात वाकलेल्या तिच्या ओढणीचं टोक आलं होतं.

ती माझ्यासमोर बसली. आजोबांना विचारलं, "एवढी वर्षं का नाही बोललात?"

"पहिल्यांदा वाटलं, दोन दिवस हसतील. मग बंधारा झाला, भाऊसाहेबांना हार पडला. मग बंधाऱ्याला त्यांचंच नाव लागलं. मग सांगून काय करणार, बंधारा पाडायचा?"

"आणि वापीला? जिना का चढलात?"

"तुम्ही सगळी लिफ्टपाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघत होता. आता म्हातारा काय करतो म्हणून. त्यापेक्षा जिना बरा."

मग ती माझ्याकडे वळली. या वेळी तिने भाऊसाहेब म्हटलं नाही. "आमच्या घरात सांगतात की आजोबा कारकून झाले असते, लिफ्टमुळे राहिलं. त्या मुलाखतीला तुम्ही कुठे होता?"

"तिथेच होतो," मी म्हणालो. "इतिवृत्त मी लिहिलं. 'आत्मविश्वास कमी, शिफारस नाही,' हे माझ्या अक्षरात आहे."

कोपऱ्यात बसलेला मी त्याला दिसलो होतो, पण हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मुलाखत संपली की शिपाई बाहेर बाकावर बसतो. आत कोण काय लिहितं ते त्याला दिसत नाही. लिफ्ट दोनदा वर जाऊन आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या हव्याच होत्या. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

त्याने शिव्या दिल्या नाहीत. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस तो. म्हणाला, "तोंडी नको. लिहून द्या."

"काय लिहू?"

"झालं ते. आणि यंदाच्या मेळाव्यात वाचायचं. गोष्ट सांगता तिथंच, उभं राहून. मी पुढच्या ओळीत बसणार."

परतताना नातीने डब्यातली पोळी-भाजी काढली, मलाही दिली. पण वाढताना विचारलं नाही, अजून हवी का म्हणून.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय, चढला का लिफ्ट?" मी म्हणालो, "तो चढला. मी नाही." मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या वडिलांना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत तेव्हा ते म्हणाले होते, मुलगा धीट आहे. नाहीतर अच्छाडचं स्थळ पक्कं होतं." आणि भाजी निवडायला घेतली.

हा कागद लिहायला मला महिना लागला. मधून मधून तो सकाळच्या एसटीने येतो, ओट्यावर बसतो, चष्मा लावून वाचतो. त्याच्या हातात पेन असतं. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, 'मी तेव्हा तरुण आणि अननुभवी होतो.' ते त्याने खोडलं. "मी पण तेवढाच होतो." दुसऱ्या वेळी 'तो मनाने फार मोठा माणूस' हे वाक्य खोडलं. "हे कशाला? याच्यानं तुमचं काम सोपं होतं." लिफ्टमनची बटणं पितळीच होती, यावर मात्र आमचं एकमत झालं.

आज तो तिसऱ्यांदा आला. सगळं सावकाश वाचलं. मुलाखतीच्या पानावर थांबला, मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा तेच वाचलं.

"इथं लिहिलंय, तिघं हसले."

"हो. तिन्ही साहेब."

"खोलीत चौघं होता."

त्याने पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही हसलात का, भाऊसाहेब?"

मुलाखतीच्या पानावरचं 'तिघं हसले' हे वाक्य मी तसंच ठेवलं आहे, खाडाखोड केलेली नाही. दुरुस्ती इथे, माझ्या हाताने, त्याच्यासमोर लिहितो: चौघं हसलो.